ईसीएनची खरी वाट (लेखांक ४)

मागच्या लेखात पीएलएम म्हणजे काय ते पाहिले: उत्पादनाची ड्रॉइंग, बीओएम (लागणाऱ्या भागांची यादी), बदल आणि मंजुऱ्या एका ठिकाणी सांभाळणारी प्रणाली. ती घ्यायचे ठरले की टीमसेंटर घ्यायची की विंडचिल, अशी कोणत्या सॉफ्टवेअरची निवड करायची यावर चर्चा रंगते. माझ्या मते ही चर्चा पुढे ढकलावी आणि आधी एक गोष्ट तपासावी. आपल्या कारखान्यात ड्रॉइंगमधला बदल मशीनपर्यंत पोहोचतो कसा?

चाकण-भोसरी पट्ट्यातला वाहनांचे सुटे भाग करणारा कारखाना घ्या. एका ब्रॅकेटचे भोक ८ मिलिमीटरचे ८.५ करायचे आहे. आयएसओच्या फायलीत मार्ग सरळ असतो: डिझाइनने ईसीएन (ड्रॉइंगमधल्या बदलाची अधिकृत सूचना) काढायचा, प्रमुखाने सही करायची, संबंधितांना प्रती द्यायच्या. प्रत्यक्षात टूलरूमला फिक्स्चरची पिन बदलावी लागते, क्वालिटीला गेज आणि कंट्रोल प्लॅन. ग्राहकाकडून पीपीएपी (भागाच्या उत्पादनाला ग्राहकाने द्यायची मंजुरी) पुन्हा मंजूर करून घ्यायचा का, हेही कुणीतरी विचारायला हवे. व्हेंडरकडे जुन्या भोकाचे तयार नग पडलेले असतात. ते वापरून संपवायचे, पुन्हा ड्रिल करायचे की भंगारात काढायचे? हा निर्णय अनेक ठिकाणी परचेसमधला एखादा जुना जाणता माणूस फोनवर घेतो. नोंद कुठेच होत नाही. सहा महिन्यांनी तक्रार आली, तर नवी रिव्हिजन कोणत्या लॉटपासून लागू झाली हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून प्रणाली निवडण्याआधी बदलाच्या या प्रत्यक्ष वाटेचा नकाशा काढायचा. नुकताच पूर्ण झालेला एक ईसीएन निवडा आणि त्याचा माग काढत टेबलाटेबलावर जा. कागद कुणाकडून आला, त्याचे काय केले, पुढे कुणाला दिला, किती दिवस पडून होता? नुसत्या विभागप्रमुखांना बसवून काढलेला नकाशा फायलीचीच नक्कल होतो. स्टोअरकीपर आणि लाइन सुपरवायझरला विचाराच.

पडून राहिलेले दिवस आवर्जून लिहा. फ्रँक आणि लिलियन गिल्ब्रेथ यांनी १९२१ मध्ये अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे प्रक्रियेचा तक्ता मांडला. त्याच संस्थेने १९४७ मध्ये जी पाच चिन्हे ठरवली, त्यांत काम, तपासणी, वाहतूक आणि साठवण यांच्याबरोबर खोळंब्यालाही स्वतंत्र चिन्ह आहे. सही करणारा दौऱ्यावर असल्यामुळे बदल अडत असेल, तर सॉफ्टवेअर आल्यावरही तो त्याच्याच इनबॉक्समध्ये अडेल. त्याच्या गैरहजेरीत सही कुणाची, हे आधी माणसांनीच ठरवायचे असते.

सुरुवातीला तीन प्रक्रिया पुरेत: ईसीएन, नव्या भागाला क्रमांक देणे आणि व्हेंडरला ड्रॉइंग पाठवणे. तिसरीत बऱ्याचदा व्हॉट्सॲप सापडेल. लपवू नका, नकाशावर लिहा.

मग विक्रेत्याला बोलवा. त्याचा तयार डेमो बाजूला ठेवून हाच ब्रॅकेटचा बदल त्याच्या प्रणालीत चालवून दाखवायला सांगा, आणि जुन्या नगांचा निर्णय कुठे नोंदला जातो ते पाहा.

पुढच्या आठवड्यात: डिझाइनचा बीओएम आणि उत्पादनाचा बीओएम वेगळे का असतात.