हातापुरते बळ : घरासाठी छोटा विद्युत स्क्रू ड्रायव्हर निवडताना

पावसाळा सरत आला की स्वाध्यायाच्या कपाटाचे दार कुरकुरू लागते. दमट हवेने लाकूड फुगते, दार ओढून उघडावे लागते, बिजागरीचे स्क्रू हळूहळू सैल होतात आणि एके दिवशी ते दार एकाच बिजागरीवर लोंबकळते. आत ग्रंथ असल्याने ते तसेच सोडवत नाही. मुले नोकरीनिमित्त परगावी असतात, दोन स्क्रूंसाठी सुतार येत नाही, आणि घरी राहिलेल्या आजी-आजोबांच्या अंगठ्याच्या सांध्यांत पूर्वीचा जोर उरलेला नसतो. अशा घरात बॅटरीवर चालणारा छोटा स्क्रू ड्रायव्हर ही चैन नव्हे. प्रश्न एवढाच की, बाजारातील असंख्य नमुन्यांतून आपल्या गरजेपुरता कोणता?

या साधनाचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला पेनासारखा बारीक; तो चष्मा, घड्याळ, मोबाइल यांच्या सूक्ष्म स्क्रूंसाठी असतो, बिजागरीपुढे त्याचे काही चालत नाही. दुसरा मुठीत मावणारा, 3.6 व्होल्टच्या एकाच लिथियम-आयन सेलवर चालणारा. तिसरा 12 व्होल्ट वा त्याहून मोठा ड्रिल-ड्रायव्हर. तो सुताराच्या कामाचा. बिजागऱ्या, मुठी, पडद्यांचे कंस, खुर्चीचे पाय, मुलांची खेळणी एवढेच काम असेल, तर दुसरा प्रकार पुरेसा आहे. त्याने भिंतीला भोक पाडता येणार नाही, हे मात्र आधीच जाणून असावे.

पूर्वी अशी यंत्रे निकेल-कॅडमियम बॅटरीवर चालत. ती पडून राहिली की आपोआप उतरत, आणि ऐन कामाच्या वेळी यंत्र निपचित असे. 2003 मध्ये बॉश कंपनीने लिथियम-आयन बॅटरीचा ‘इक्सो’ आणला आणि ही अडचण बरीच दूर झाली. वर्षातून चार-सहा वेळाच लागणाऱ्या साधनासाठी हा गुण फार मोलाचा आहे.

खरेदीच्या वेळी प्रथम पाहावे ते पिळाचे बळ, म्हणजे टॉर्क. तो न्यूटन-मीटरमध्ये लिहिलेला असतो. घरगुती कामाला तीन ते पाच न्यूटन-मीटर पुरतात. अधिक बळ म्हणजे अधिक चांगले, हा समज फसवा आहे. आजची बहुतेक कपाटे प्लायवूड किंवा भुशाच्या पाट्यांची असतात. त्यांत स्क्रू बसल्यावरही यंत्र फिरतच राहिले, तर आतली पकड भुसभुशीत होते आणि तो स्क्रू पुन्हा कधी घट्ट बसत नाही. म्हणून ठरावीक बळाला आपोआप थांबणारा क्लच असल्यास उत्तम. नसल्यास अखेरचे दोन वेढे हातानेच द्यावेत. त्यासाठी यंत्र बंद असताना दांडा अडकून राहतो की नाही, हे दुकानातच पाहून घ्यावे.

दुसरी गोष्ट मुठीची. पिस्तुलासारखी वाकडी मूठ धरली की उभ्या दारावर काम करताना मनगट सरळ राहते. दुखऱ्या सांध्यांना ती सोसते. सरळ दांड्याचे यंत्र अरुंद जागी शिरते. ज्या हाताने ते वापरायचे, त्याच हाताने उचलून पाहावे. सुलटी-उलटी दिशा बदलणारे बटण अंगठ्याला सहज लागते का, तेही तपासावे.

तिसरी गोष्ट टोकाची, म्हणजे बिटची. यंत्र पाव इंची षट्कोनी बिट घेणारे असावे; ते कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. चौफुली खाचेतही दोन जाती आहेत. साध्या फुलीला ‘पीएच’ बिट लागते, तर फुलीच्या मधोमध चार बारीक रेषा दिसल्या तर ‘पीझेड’. एकाच्या जागी दुसरे वापरले की खाच झिजते आणि दोष यंत्राला दिला जातो.

मोबाइलच्याच टाइप-सी वायरने चार्ज होणारे यंत्र घेतल्यास वेगळा चार्जर सांभाळावा लागत नाही. बॅटरी बदलता येते का, हेही विचारावे. कारण तिचे आयुष्य सरले की चांगले यंत्रही निकामी ठरते. महिनोन्‌महिने ठेवायचे असेल, तेव्हा ते निम्मे-अधिक चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवावे.

श्रावकाच्या घरात साधनाबरोबर यतनाही हवी. स्क्रूच्या रिकाम्या भोकांत कुंभारमाशी मातीने घर लिंपते, बिजागरीमागे मुंग्या वसतात. म्हणून उजेडात नीट पाहावे, पुंजणी किंवा मऊ कुंचल्याने जागा हळुवार स्वच्छ करावी. भोकात घर केलेले दिसल्यास काम काही दिवस लांबवावे. भोक सैल झाले असेल, तर लाकडाची बारीक काडी चिकटवून त्यात बसवतात. पारंपरिक सरस प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून होतो. त्याऐवजी कृत्रिम पांढरा गोंद वापरावा. विजेच्या बोर्डाचे स्क्रू काढण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. प्लॅस्टिकचे आवरण म्हणजे विजेपासून संरक्षण नव्हे.

निकामी बॅटरी कचऱ्यात टाकू नये. ती दबली वा फुटली की पेट घेऊ शकते आणि झळ बसते ती कचरा वेचणाऱ्यांना आणि मुक्या जीवांना. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्यांचे संकलन आणि पुनर्वापर ही उत्पादकांची जबाबदारी आहे; त्यामुळे ती संकलन केंद्रातच द्यावी.

अखेरीस परिग्रहपरिमाणाचा विचार. खरेदीला निघण्यापूर्वी घरात फिरून सैल स्क्रू मोजावेत. ते दोन-चारच निघाले, तर साधा हाती स्क्रू ड्रायव्हर पुरेल. बरेच निघाले आणि हात दुखत असतील, तर यंत्र अवश्य घ्यावे. पण शंभर बिटांच्या पेटीचा मोह टाळावा. एका इमारतीतील चार साधर्मिक कुटुंबांनी मिळून एकच घेतले, तर त्याहून बरे. ते मागायला शेजारची आजी दारात येईल, जाताना दोन शब्द बोलेल, आणि संध्याकाळी तिच्या कपाटाचे दार आवाज न करता मिटेल.