राणीचे लग्न आणि राज्याचा वारस

पहिली एलिझाबेथ १७ नोव्हेंबर १५५८ रोजी इंग्लंडच्या गादीवर आली, तेव्हा ती २५ वर्षांची होती आणि आठव्या हेन्रीच्या औरस अपत्यांपैकी तिच्याशिवाय कोणीही हयात नव्हते. तिने लग्न करावे, तिला मूल व्हावे, ही साऱ्या देशाची निकड होती, कारण राजाचा जो धर्म तोच प्रजेचा, असा तो काळ होता. हेन्रीच्या मृत्यूनंतरच्या बारा वर्षांत इंग्लंडचा धर्म तीनदा बदलला. हेन्रीचा मुलगा सहावा एडवर्ड याने तो प्रोटेस्टंट केला, थोरली मुलगी मेरी हिने पुन्हा कॅथलिक केला आणि एलिझाबेथने पुन्हा प्रोटेस्टंट केला. मेरीच्या पाच वर्षांत सुमारे २८० प्रोटेस्टंटांना जिवंत जाळण्यात आले होते. पुढचा वारस कॅथलिक निघाला तर त्या चिता पुन्हा पेटतील, ही भीती पोकळ नव्हती.

एलिझाबेथचा जन्मच या वादातला. पहिल्या राणीला दूर करून हेन्रीने अ‍ॅन बोलिनशी लग्न केले. पोपने ते कधीच मान्य केले नाही. त्यामुळे कॅथलिकांच्या लेखी एलिझाबेथ अनौरस होती आणि गादीवरचा खरा हक्क स्कॉटलंडची राणी मेरी स्टुअर्ट हिचा होता. मेरी ही एलिझाबेथच्या थोरल्या आत्याची नात. धाकट्या आत्याची नात कॅथरीन ग्रे प्रोटेस्टंट होती आणि हेन्रीच्या मृत्युपत्राप्रमाणे एलिझाबेथनंतरचा हक्क तिचा होता. राणीची परवानगी न घेता तिने १५६० मध्ये गुपचूप लग्न केले. ती गरोदर असल्याचे उघड होताच तिला लंडनच्या टॉवरमध्ये कोंडले. तिथेच तिला मुलगा झाला. पुढे जागा बदलली, पण नजरकैद सुटली नाही, आणि १५६८ मध्ये त्याच अवस्थेत तिचा मृत्यू झाला. वारसाहक्क असणे हाच तेव्हा केवढा धोका होता, ते कॅथरीनच्या नशिबावरून कळते.

राणीसाठी स्थळांची वाण नव्हती. तिची दिवंगत बहीण मेरी हिचा विधुर पती, स्पेनचा दुसरा फिलिप, यानेच आधी मागणी घातली. स्वीडनच्या एरिकचे स्थळ आले, ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूक चार्ल्सचे आले. चार्ल्सशी बोलणी कित्येक वर्षे चालली आणि १५६७ मध्ये एका मुद्द्यावर फिसकटली: त्याला राजवाड्यात खासगीत कॅथलिक मिस्सा ऐकायची मुभा द्यायची की नाही? परदेशी राजपुत्र बहुतेक कॅथलिक, आणि देशातला सरदार निवडावा तर बाकीचे सरदार मत्सराने पेटणार. रॉबर्ट डडलीवर राणीचा जीव होता, हे दरबारात सर्वांना ठाऊक होते. पण सप्टेंबर १५६० मध्ये त्याची पत्नी एमी जिन्याच्या पायथ्याशी मरून पडलेली सापडली. चौकशीत तो अपघात ठरला, तरी संशय पुसला गेला नाही, आणि डडलीशी लग्न राणीला परवडण्याजोगे राहिले नाही.

ऑक्टोबर १५६२ मध्ये राणीला देवी आल्या आणि ती वाचत नाही असे वाटू लागले. मंत्री वारसाच्या नावावर एकमत करू शकले नाहीत. ती बरी झाली, पण धसका राहिला. १५६३ आणि १५६६ मध्ये पार्लमेंटने लग्न करा, नाहीतर वारस तरी नेमा, अशी गळ घातली. तिने दोन्ही वेळा उत्तर टाळले. त्याचे कारण तिने १५६१ मध्येच स्कॉटलंडच्या दूताला सांगितले होते: वारस जाहीर करणे म्हणजे जिवंतपणी आपले कफन डोळ्यांसमोर धरणे. हा तिचा अनुभव होता. बहीण मेरीच्या राज्यात असंतुष्टांच्या आशा वारस म्हणून तिच्यावर खिळल्या होत्या आणि त्यापायी तिने स्वतः टॉवरची कैद भोगली होती. तिच्या या टाळाटाळीला चंचलपणा म्हणणे अन्यायाचे होईल. उत्तर न देण्यामुळे प्रत्येक पक्षाची आशा जिवंत राहत होती, आणि आशा असलेला माणूस सहसा बंड करत नाही.

शेवटचे गंभीर स्थळ फ्रान्सच्या राजाचा भाऊ, आंजूचा ड्यूक फ्रान्स्वा. तो १५७९ मध्ये इंग्लंडला आला. राणी पंचेचाळिशीची, तो तिच्याहून सुमारे २२ वर्षांनी लहान, आणि कॅथलिक. जॉन स्टब्स नावाच्या कडव्या प्रोटेस्टंटाने या लग्नाविरुद्ध पुस्तिका छापली. त्याला शिक्षा द्यायला जो कायदा वापरला तो राणीची बहीण मेरी हिच्या पतीच्या रक्षणासाठी झालेला होता. वेस्टमिन्स्टरमध्ये लोकांसमोर स्टब्सचा उजवा हात तोडला. त्याने डाव्या हाताने टोपी काढून राणीचा जयजयकार केला आणि तो बेशुद्ध पडला. गर्दी गप्प उभी होती. १५८१ मध्ये राणीने ड्यूकला सर्वांदेखत अंगठी दिली, पण लगेचच माघार घेतली. त्यानंतर लग्नाचा विषय संपला.

इकडे मेरी स्टुअर्ट सरदारांच्या बंडापुढे हरून मे १५६८ मध्ये इंग्लंडच्या आश्रयाला आली होती आणि कैदेत पडली होती. पुढच्याच वर्षी उत्तरेतल्या कॅथलिक सरदारांनी बंड केले. फेब्रुवारी १५७० मध्ये पोप पाचव्या पायसने एलिझाबेथला बहिष्कृत करून प्रजेला तिच्या निष्ठेतून मुक्त केले. या फर्मानाने सर्वाधिक नुकसान इंग्लिश कॅथलिकांचेच केले. त्यातल्या बहुतेकांना धर्म हवा होता, बंड नको होते. आता त्यांची भक्तीही राजद्रोहाच्या संशयात आली. चर्चला न जाण्याचा दंड १५५९ मध्ये १२ पेन्स होता, तो १५८१ मध्ये महिन्याला २० पौंड झाला. परदेशात दीक्षा घेतलेल्या पाद्र्याने इंग्लंडमध्ये पाऊल ठेवणे १५८५ पासून देशद्रोह ठरले. शंभराहून अधिक पाद्री या राजवटीत फासावर गेले. देश सोडून गेलेल्यांपैकी थॉमस स्टीफन्स रोममध्ये जेझुइट झाला, १५७९ मध्ये गोव्यात पोहोचला आणि तिथे त्याने मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचले.

मेरीभोवती कट शिजतच होते. १५८६ मध्ये अँथनी बॅबिंग्टनच्या मंडळींशी तिचा पत्रव्यवहार बिअरच्या पिंपांत लपवून चाले. ती वाट राणीचा मंत्री वॉल्सिंगम याच्या देखरेखीखालीच होती. प्रत्येक पत्र आधी त्याच्या माणसाकडे उलगडले जाई. राणीच्या खुनाचा बेत असलेल्या पत्राला मेरीने संमतीदर्शक उत्तर दिले आणि तिचा खटला उभा राहिला. एलिझाबेथने मृत्युदंडाच्या हुकमावर सही केली, पण सचिव डेव्हिसनने तो हुकूम पुढे पाठवला म्हणून त्यालाच टॉवरमध्ये टाकले. ८ फेब्रुवारी १५८७ रोजी फॉदरिंगे किल्ल्यात मेरीचा शिरच्छेद झाला. अभिषिक्त राणीला न्यायालयात उभे करून मारण्याचा दोष एलिझाबेथला आपल्या माथी नको होता. तो तिने एका चाकरावर ढकलला, ही तिच्या कारकिर्दीतली सर्वांत हीन गोष्ट म्हणावी लागेल. पुढच्याच वर्षी फिलिपचे सुमारे १३० जहाजांचे आरमार चालून आले आणि हरले.

वारसाबद्दल बोलण्याची बंदी मात्र अखेरपर्यंत राहिली. पार्लमेंटचा सदस्य पीटर वेंटवर्थ याने हा प्रश्न लावून धरला. १५९३ मध्ये तो टॉवरमध्ये गेला आणि १५९७ मध्ये तिथेच वारला. पण १६०१ पासून राणीचा मंत्री रॉबर्ट सेसिल मेरी स्टुअर्टचा मुलगा जेम्स याच्याशी गुप्तपणे पत्रव्यवहार करत होता. जेम्स आईपासून दूर, प्रोटेस्टंट म्हणून वाढला होता. २४ मार्च १६०३ रोजी रिचमंडला एलिझाबेथ वारली आणि त्याच दिवशी त्याच्या नावाची द्वाही फिरली. रॉबर्ट केरी घोडे बदलत तिसऱ्या रात्री एडिंबरोला पोहोचला आणि त्याने जेम्सला ही बातमी दिली. यादवी झाली नाही, परकी फौज उतरली नाही.