महागाईचा दोष किडीवर किती?

टोमॅटो, कांदा किंवा डाळ महागली की त्यामागची दोन कारणे हमखास सांगितली जातात: अवकाळी पाऊस आणि किडीचा प्रादुर्भाव. दोन्ही कारणे पुष्कळदा खरीच असतात. परंतु ती दरवाढीचा किती भाग स्पष्ट करतात, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. उरलेला भाग व्यापारी आणि कंपन्यांच्या नफ्यात जातो काय, याची चर्चा अलीकडे जगभर सुरू आहे. कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने या चर्चेपासून दूर राहणे योग्य नाही. महागाईच्या आरोपपत्रात पहिले नाव बहुधा किडीचेच असते आणि तिच्या पाठोपाठ शेतकऱ्याचे.

दुर्ग जिल्ह्यातील धमधा परिसर हा छत्तीसगडमधील टोमॅटोचा प्रमुख पट्टा. हिवाळ्यात येथील क्रेट इतर राज्यांत जातात. पावसाळ्यात मात्र दुर्ग-भिलाईच्या बाजाराला बाहेरून, मुख्यतः दक्षिणेकडून येणाऱ्या मालावर अवलंबून राहावे लागते. हिवाळ्यात टोमॅटो विकणारे कुटुंबच पावसाळ्यात तो विकत घेते. त्यामुळे शेतातील भाव आणि दुकानातील भाव यांच्यातील अंतर या कुटुंबाला दोन्ही बाजूंनी भोगावे लागते.

ग्राहकाच्या रुपयातील वाटा

रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासनिबंधांनुसार ग्राहकाने मोजलेल्या एका रुपयातून टोमॅटो उत्पादकाला सुमारे 33 पैसे, कांदा उत्पादकाला 36 पैसे आणि बटाटा उत्पादकाला 37 पैसे मिळतात. डाळवर्गीय पिकांत हाच वाटा हरभऱ्यासाठी सुमारे 75, मुगासाठी 70 आणि तुरीसाठी 65 पैसे आहे.

उरलेले सर्व पैसे म्हणजे नफा, असा निष्कर्ष येथे काढू नये. टोमॅटो नाशवंत आहे. त्याची काढणी, प्रतवारी, भराई, वाहतूक, हमाली, तोलाई, अडत आणि वाटेतील नासाडी हा खर्च खराच होतो. हरभरा पोत्यात महिनोन्महिने टिकतो, म्हणून त्याच्या उत्पादकाचा वाटा मोठा राहतो. अंतर मोठे आहे एवढ्यावरून नफेखोरी सिद्ध होत नाही. ते अंतर केव्हा आणि कशामुळे वाढते, हे पाहावे लागते.

साध्या हिशेबाने पडताळणी

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. टोमॅटोला शेतावर किलोला 10 रुपये मिळतात आणि दुकानात तो 30 रुपयांना विकला जातो. मधला खर्च व नफा मिळून 20 रुपये होतात. किडीमुळे आवक घटली आणि शेतावरील भाव 20 रुपये झाला. ट्रकचे भाडे, हमाली आणि क्रेटचा खर्च टोमॅटोच्या भावानुसार बदलत नाही. नासाडीचे मूल्य, अडत आणि गुंतवलेल्या पैशाचे व्याज मात्र भावाबरोबर वाढते. त्यासाठी आणखी 3 रुपये धरले, तरी दुकानातील भाव 43 रुपयांच्या आसपास असायला हवा. प्रत्यक्षात तो 60 रुपये असेल, तर कीड त्यातील 43 रुपयांपर्यंतचेच उत्तर देते. उरलेल्या 17 रुपयांचे उत्तर साखळीतील अन्य कोणीतरी द्यायला हवे.

हाच हिशेब उलट दिशेनेही करावा. शेतावरील भाव 10 वरून 3 रुपयांवर घसरला, तर दुकानातील भाव 30 वरून सुमारे 21 रुपयांवर यायला हवा. तो 9 रुपये होणार नाही, कारण वाहतुकीचा खर्च कायम असतो. म्हणून मंदीत शेतकऱ्याचा वाटा आपोआप आक्रसतो आणि त्यात प्रत्येक वेळी कोणाची लबाडी असतेच असे नाही. परंतु आठवड्यांमागून आठवडे जाऊनही दुकानातील भाव 30 रुपयांवरच राहिला, तर ते 9 रुपये कोणाकडे थांबले, हे विचारणे रास्त ठरते.

2023 चा टोमॅटो: कीड दुसऱ्या पायरीवर

मे 2023 मध्ये महाराष्ट्रातील टोमॅटो उत्पादकांना मातीमोल भाव मिळत होता. अनेकांनी माल रस्त्यावर ओतला, काहींनी उभे पीक सोडून दिले. पुढे उष्णता आणि पाऊस यांच्या जोडीने महाराष्ट्रात काकडी मोझॅक विषाणूचा आणि कर्नाटकात पर्णगुच्छ रोगाचा उपद्रव झाला. पहिला विषाणू मावा पसरवतो, दुसरा पांढरी माशी. आवक कोसळली. जुलै 2023 मध्ये टोमॅटोची किरकोळ महागाई वर्षभरापूर्वीच्या तुलनेत 200 टक्क्यांहून अधिक झाली आणि एकूण किरकोळ महागाईचा दर 7.44 टक्क्यांवर गेला. केंद्र सरकारने राष्ट्रीय सहकारी ग्राहक महासंघ आणि नाफेड यांच्यामार्फत 14 जुलैपासून किलोला 90 रुपये दराने विक्री सुरू केली. हा दर टप्प्याटप्प्याने कमी होत ऑगस्टमध्ये 40 रुपयांवर आला. सप्टेंबरमध्ये भाव इतके पडले की उत्पादकांवर पुन्हा माल फेकण्याची वेळ आली.

या क्रमात कीड पहिल्या पायरीवर नव्हती. भाव पडला की शेतकरी फवारणी व निगराणी थांबवतो. सोडून दिलेले शेत पांढरी माशी, मावा आणि विषाणू यांचे आगर बनते व तेथून शेजारच्या नव्या लागवडीवर प्रादुर्भाव जातो. कमी भावामुळे कीड वाढते, किडीमुळे तुटवडा येतो आणि तुटवड्यामुळे दर भडकतात. ज्यांचे पीक आधीच नष्ट झालेले असते, त्यांना त्या चढ्या दराचा लाभ मिळत नाही. म्हणून मंदीच्या काळात शेतकऱ्याला उभे राहण्याइतका भाव मिळणे हा पीक संरक्षणाचाही भाग आहे.

कीड नसतानाची दरवाढ

केंद्र सरकारने 14 सप्टेंबर 2024 पासून कच्च्या सोयाबीन, पाम व सूर्यफूल तेलावरील प्रभावी आयात शुल्क 5.5 वरून 27.5 टक्के केले. सोयाबीन उत्पादकाला संरक्षण मिळावे हा त्यामागील हेतू होता. जुन्या, कमी शुल्काने आलेला सुमारे 30 लाख टन तेलाचा साठा त्यावेळी देशात होता आणि तो दीड महिन्याच्या गरजेला पुरेल, असे सरकारने म्हटले होते. हा साठा संपेपर्यंत छापील किंमत वाढवू नये, असे तेल उद्योगाला सांगण्यात आले. तरीही किरकोळ दर लगेच चढू लागले आणि सरकारला उद्योगाकडून खुलासा मागवावा लागला. त्याच हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये असताना महाराष्ट्रातील बाजार समित्यांत पुष्कळसे सोयाबीन त्याहून कमी दराने विकले गेले. येथे ना कीड होती, ना जुन्या साठ्यावर नवा खर्च. घोषणेचा परिणाम दुकानात तत्काळ पोहोचला. शेतात पोहोचण्यास मात्र विलंब झाला.

हा अनुभव केवळ आपला नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अर्थतज्ज्ञांनी जून 2023 मध्ये मांडलेल्या विश्लेषणानुसार युरो क्षेत्रातील 2022 नंतरच्या महागाईत वाढत्या नफ्याचा वाटा सुमारे 45 टक्के होता. भारताच्या 2024-25 च्या आर्थिक सर्वेक्षणानेही 2023-24 मधील कंपन्यांची नफाक्षमता 15 वर्षांतील सर्वोच्च असल्याचे नोंदवले. मात्र ती वाढ प्रामुख्याने वित्त, ऊर्जा आणि वाहन या क्षेत्रांमुळे झाली, असेही त्यात म्हटले आहे. त्यामुळे किराण्याच्या प्रत्येक दरवाढीस कंपन्यांचा नफा कारणीभूत आहे असे सरसकट म्हणणे जितके चुकीचे, तितकेच सारे खापर हवामान व किडीवर फोडणेही चुकीचे आहे. प्रत्येक वस्तूचा हिशेब स्वतंत्रपणे मांडावा लागतो.

निविष्ठांच्या दुकानातही हाच प्रश्न

बियाणे आणि कीटकनाशकांचा जागतिक व्यापार गेल्या दशकात अधिक केंद्रित झाला. 2017 मध्ये केमचायनाने सिंजेंटा घेतली, 2018 मध्ये बायरने मोन्सॅन्टो घेतली आणि डाऊ-ड्युपॉन्टच्या विलीनीकरणातून 2019 मध्ये कॉर्टेव्हा ही स्वतंत्र कंपनी निघाली. विक्रेते थोडे असले की दर ठरवण्याची त्यांची ताकद वाढते आणि तो भार उत्पादन खर्चातून अखेर जेवणाच्या ताटापर्यंत येतो.

येथे पडताळणीची एक संधी आपल्या हाती आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून बारा जैविक कीडनाशकांवरील वस्तू व सेवा कर 12 वरून 5 टक्के झाला आहे. त्यांत ट्रायकोडर्मा, ब्यूव्हेरिया बॅसियाना, घाटे अळीचा एनपीव्ही विषाणू आणि निंबोळीवर आधारित उत्पादने येतात. करासह 112 रुपयांना मिळणारी बाटली, मूळ किंमत तीच असेल तर, 105 रुपयांना मिळायला हवी. आपल्या कृषी सेवा केंद्रात जुने व नवे बिल शेजारी ठेवून पाहावे.

विस्तार कार्यकर्ते व शेतकऱ्यांसाठी

1. तफावतीची नोंदवही ठेवावी. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी शेतावरील भाव, मंडीतील भाव आणि किरकोळ भाव नोंदवावा. शेजारी कीड-रोगाची स्थिती लिहावी. मंडीतील भावासाठी अ‍ॅगमार्कनेट आणि किरकोळ भावासाठी केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाची दैनिक आकडेवारी उपलब्ध आहे. हंगामाअखेर ही वही शेतकरी उत्पादक कंपनीला सौदा करताना पुरावा म्हणून उपयोगी पडेल.

2. पिशवीबंद वस्तूचा दर वजनावर मोजावा. पुडा त्याच किमतीचा राहतो आणि आतले वजन घटते, तेव्हा दरवाढ लक्षात येत नाही. पुड्यावर छापलेली प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो किंमत पाहावी.

3. फवारणीचा खर्च निरीक्षणाने कमी करावा. टोमॅटोची रोपे 40 ते 50 मेश नायलॉन जाळीखाली वाढवावीत. लागवडीनंतर पिवळे चिकट सापळे आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी एकरी 5 कामगंध सापळे लावावेत. टोमॅटोच्या दर 14 ते 16 ओळींनंतर झेंडूची एक ओळ घ्यावी. विषाणूग्रस्त रोपे लवकर उपटून नष्ट करावीत.

4. पडलेल्या भावातही शेत मोकाट सोडू नये. तोडणी परवडत नसेल तर पीक काढून त्याची विल्हेवाट लावावी. शक्यतो हे काम गावाने मिळून, एकाच वेळी करावे.

5. लागवडीच्या तारखा गटाने विभागाव्यात. सर्वांचा माल एकाच पंधरवड्यात आला की घासाघीस करण्याची ताकद उरत नाही. मात्र नवी लागवड जुन्या, रोगट पिकाला लागून करू नये.

किडीमुळे झालेले नुकसान सापळ्यात मोजता येते, पानावर दिसते आणि आर्थिक नुकसानीच्या पातळीशी ताडून पाहता येते. व्यापार साखळीतील नफाही मोजता येतो. त्यासाठी नोंदी लागतात, आणि त्या ठेवण्याचे काम आपल्याखेरीज कोणी करणार नाही. पुढील हंगामात टोमॅटो महागला आणि कोणी कीड आल्याचे कारण पुढे केले, तर आपल्या वहीतील तीन भाव समोर ठेवावेत आणि कीड नेमकी किती रुपयांची आली, ते विचारावे.