हर्ली हेवूड : चोवीस तासांच्या शर्यतींचा बादशहा

फॉर्म्युला वनवाले हे नाव सहसा घेत नाहीत, पण माझ्या यादीत हर्ली हेवूड फार वर आहे. डेटोनाची 24 तासांची शर्यत 5 वेळा, ले माँ 3 वेळा (1977, 1983, 1994) आणि सेब्रिंगची 12 तासांची 2 वेळा जिंकली!

फ्लोरिडात पार्किंगच्या जागेत भरणाऱ्या एका छोट्या स्पर्धेत या पोराने रेसर पीटर ग्रेगला हरवलं. ग्रेगने राग न धरता त्यालाच जोडीदार केलं. मध्ये हेवूडची व्हिएतनाममधली लष्करी सेवा झाली. 1973 मध्ये दोघांनी पोर्श 911 कॅरेरा आरएसआरमधून डेटोना मारली.

पण खरी मजा 1977 च्या ले माँची. हेवूड आणि युर्गेन बार्थची पोर्श 936 सुरुवातीलाच बिघडून पार मागे पडली. पोर्शचाच दुसरा चालक जॅकी इक्स, त्याची स्वतःची गाडी बंद पडल्यावर तो यांच्या गाडीत आला आणि रात्रभर सुसाट सुटला. शेवटच्या तासात पिस्टन गेला. बार्थने सहापैकी पाच सिलिंडरवर गाडी रेटत शर्यत संपवली, तरी पहिला नंबर यांचाच!

1988 मध्ये ऑडी 200 क्वाट्रोतून ट्रान्स-ॲम मालिकेचं विजेतेपदही हेवूडने घेतलं. समलिंगी असल्याचं मात्र त्याने जाहीरपणे सांगितलं ते 2018 च्या आत्मचरित्रात.