आजींचा गरुड आणि नातवाचा गरुड

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. बाहेर ऑकलंडचा नेहमीचा पाऊस, घरात गरम खिचडी-पापड आणि साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या आजी. त्यांना बरं वाटावं म्हणून आम्ही हौसेनं ‘संत तुकाराम’ लावला. शेवटी तुकोबांना वैकुंठाला न्यायला गरुड आला. आजींनी हात जोडले आणि नेमके त्याच क्षणी आमचे चौदा वर्षांचे चिरंजीव खो खो हसत सुटले. “आजी, खोटा आहे तो पक्षी!”

आजी एवढंच म्हणाल्या, “चालू द्या तुमचं,” आणि उठून खोलीत गेल्या.

चिरंजीवांना आम्ही रागे भरलो खरे, पण रात्री आम्हा दोघांनाही झोप येईना. पोरगा उद्धटपणे हसला नव्हता, त्याला खरोखरच हसू आलं होतं. मग चुकलं कुणाचं?

आमचा पेशा इंजिनिअरचा, त्यामुळे आम्हाला आमचा मिक्सर आठवला. या देशात प्रथम आलो तेव्हा तो सोबत आणला होता. वीज तिथं 230 व्होल्ट, इथंही 230 व्होल्ट; फक्त प्लगच्या पिना वेगळ्या! सिनेमाचंही तसंच असावं. प्रत्येक प्रकारच्या सिनेमाचा प्रेक्षकांशी एक न बोललेला करार असतो. तो माहीत नसला की उत्तम सिनेमासुद्धा चालत नाही.

दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ प्रभातनं 1936 साली काढला. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. संतपटाचा करार असा, की चमत्कार होणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. म्हणून तो लपवत नाहीत, दचकवतही नाहीत. कॅमेरा देवळात दर्शनाला उभं राहिल्यासारखा समोर उभा राहतो. दिग्दर्शकाची मेहनत दिसते ती दुसरीकडेच. जिजाईची म्हैस, रिकामी भांडी, आजारी पोर, त्या पोरापायी देवावर पायताण उगारणारी आई, हा सगळा प्रपंच इतका खरा, की आमची आई-मावशीच समोर उभी राहते. त्यामुळे गरुड आला की जुना प्रेक्षक ‘हे केलं कसं?’ असं विचारत नाही. त्याला काळजी वाटते ती मागे राहिलेल्या जिजाईची.

तमाशापटाचा करार निराळा. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (1959) पुण्याच्या विजयानंदमध्ये 131 आठवडे चालला. हिंदी सिनेमात नायिका बागेत अचानक का गाते, हे मुलांना समजावताना आमची पंचाईत होते. इथं तो प्रश्नच नाही, कारण नायिका फडावरच उभी असते. गाणं हे तिचं काम, आणि पाटलाचं पाप चारचौघांत सांगायचं तिचं हत्यारही वगच.

‘अशी ही बनवाबनवी’ (1988) पाहून मात्र मुलं आमच्याइतकीच हसतात. साडी नेसलेला लक्ष्मीकांत बेर्डे आपल्याला फसवत नाही. फसायचं ते लीलाबाईंनी, आणि आपण ते गुपित सांभाळायचं! हा करार कुणालाही चटकन कळतो.

आता आपल्या या नव्या देशाकडे पाहू. ‘कहो ना प्यार है’ (2000) मधले इथले डोंगर आणि तळी म्हणजे प्रेमाचा पडदा. जेन कॅम्पियनच्या ‘द पियानो’ (1993) मध्ये हाच निसर्ग चिखलाचा, अंगावर येणारा. ऑकलंडजवळच्या कारेकारे किनाऱ्यावर एकटा पडलेला तो पियानो आठवा. देश तोच, पण पाहणाऱ्याशी केलेला करार वेगळा. सॅम नीलनं तर 1995 साली इथल्या सिनेमातल्या या अस्वस्थपणावरच माहितीपट केला. पहिली काही वर्षं इथले सिनेमे आम्हाला रुक्ष का वाटायचे, ते यावरून उमगलं. तेव्हा पिना आमच्या जुळत नव्हत्या.

पुढच्या शनिवारी चिरंजीवांची पाळी होती. त्यांनी पीटर जॅक्सनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा तिसरा भाग (2003) लावला. आजी तीन तास चिकाटीनं बसल्या. शेवटी ज्वालामुखीतून दोघा मित्रांना उचलून न्यायला महाकाय गरुड आले आणि आजी खुर्चीत सावरून बसल्या. “अरे, हा तर आपलाच गरुड की रे!”

चिरंजीव हसले नाहीत. त्यांच्या गरुडाचं पीस न् पीस खरं दिसतं, कारण अद्भुत सिनेमाचा करारच तसा आहे. अशक्य ते डोळ्यांना पटवून द्यायचं, मग मन विश्वास ठेवील. संतपटात विश्वास प्रेक्षक घरूनच घेऊन येतो. संकटातून उचलून नेणारं कुणीतरी वरून यावं, ही आस मात्र दोन्हीकडे एकच.

दोन दिवसांनी भाजी निवडताना चिरंजीवांनी हळूच विचारलं, “आजी, त्या जिजाईचं मग पुढे काय झालं गं?” आजींनी त्याला जवळ बसवून घेतलं. त्या दिवशी भाजी उशिरा झाली.

म्हणून आमची एक सूचना आहे. मंडळात मराठी सिनेमा दाखवाल तेव्हा दिवे मालवण्याआधी पाच मिनिटं मुलांना सांगा, की या सिनेमात काय खरं मानायचं आणि कशाकडे लक्ष द्यायचं. आणि अधूनमधून त्यांच्या आवडीचा सिनेमा त्यांच्याकडून समजून घेऊन आपणही शेवटपर्यंत बसा. अ‍ॅडॅप्टर दोन्ही बाजूंनी लागतो.