इमारतीच्या उष्म्यावर अखत्यार कोणाचा?

जो घर बांधतो तोच त्या घराचे वीजबिल भरतो असे नाही. किंबहुना शहरांतून आज जी उंच घरे आणि काचेने मढविलेली कचेऱ्यांची संकुले उभी राहत आहेत, त्यांचा विकासक गाळे विकून मोकळा होतो. आणि पश्चिमेच्या उघड्या भिंतीतून आत शिरणारा वैशाखाचा ताप पुढे पन्नास वर्षे जो सोसतो व त्या तापाशी झगडणाऱ्या वातानुकूलन यंत्रापायी दरमहा जो पैसे मोजतो, तो मनुष्य निराळाच असतो. भिंतीची रचना, छतावरचा उष्णतारोधक थर, खिडक्यांचे क्षेत्र आणि त्यांची दिशा या गोष्टी एकदा ठरल्या की मागाहून त्या बदलणे अतिशय खर्चाचे होऊन बसते. म्हणून नकाशा मंजुरीसाठी दाखल होतो त्याच वेळी सार्वजनिक सत्तेने त्यात लक्ष घालावे, हे तत्त्व आता अनेक देशांनी स्वीकारले आहे. वाद उरतो तो एवढाच की, ही सत्ता कोणाची असावी. राजधानीची, की ज्या गावच्या उन्हात ती इमारत उभी राहायची त्या गावच्या नगरपालिकेची?

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर तीन दप्तरांत विखुरलेले आहे. वीज हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत, स्थानिक स्वराज्य राज्यसूचीत, आणि १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत, नगरपालिकांकडे सोपविता येण्याजोग्या विषयांमध्ये, नगररचना व इमारतींच्या बांधकामाचे नियमन अगदी आरंभीच नमूद केलेले. २००१ च्या ऊर्जा संवर्धन अधिनियमाने इमारतींसाठी संहिता तयार करण्याचा अधिकार केंद्राला दिला. त्यानुसार २००७ साली व्यापारी इमारतींची पहिली संहिता निघाली आणि २०१७ साली तिची सुधारलेली आवृत्ती आली. ज्यांचा संलग्न भार १०० किलोवॅट अथवा त्याहून अधिक आहे, अशा इमारतींना ती लागू करावयाची, आणि भिंती, छत, काच, दिवे, वातानुकूलन या सर्वांना तिने मर्यादा घालून दिल्या आहेत. निवासी इमारतींसाठी २०१८ साली ‘इको-निवास संहिता’ आली; शीत प्रदेश वगळता, इमारतीच्या छताखेरीजच्या बाह्य आवरणातून आत येणाऱ्या उष्णतेचे सरासरी प्रमाण दर चौरस मीटरला १५ वॅटच्या वर जाऊ नये, असा तिचा दंडक आहे.

परंतु संहिता निघाली म्हणजे ती लागू झाली असे मात्र नव्हे. आरंभी ती ऐच्छिक होती, आणि त्याच अधिनियमाच्या पंधराव्या कलमाने आपल्या प्रदेशाच्या हवामानाप्रमाणे तीत फेरफार करून ती अधिसूचित करण्याचा अखत्यार राज्य सरकारांकडे ठेवला होता. ही तरतूद शहाणपणाची होती यात संशय नाही. कारण रत्नागिरीच्या घामट हवेत वारा खेळता ठेवण्याची जी योजना उपकारक ठरते, ती चंद्रपूरच्या कोरड्या झळांत भर दुपारी अपायकारक ठरते, आणि एकाच राज्यात जिथे इतका भेद, तिथे अवघ्या देशाला एक माप लावणे हास्यास्पद झाले असते. मात्र राज्याने अधिसूचना काढली तरी नकाशावर अखेरचा शिक्का उमटतो तो नगरपालिकेचा. तिच्या बांधकाम-नियमांत संहितेची कलमे जोपर्यंत उतरत नाहीत आणि ती कलमे तपासणारा माणूस तिच्या कचेरीत जोपर्यंत बसत नाही, तोपर्यंत राजपत्रातील हुकूम राजपत्रातच राहतो.

महाराष्ट्रात ऊर्जा संवर्धनाचे काम पुण्याच्या ‘महाऊर्जा’कडे, तर बांधकामाची नियमावली नगरविकास खात्याकडे. २०२० च्या डिसेंबरात मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिने गावोगावच्या निरनिराळ्या नियमांचा गुंता सोडविला, हे तिचे मोठेच श्रेय. पण त्याचबरोबर एखाद्या महापालिकेने स्वतःहून चार पावले पुढे टाकावीत, ही मुभाही आक्रसली. सत्तेच्या हिशेबात असेच असते: सुटसुटीतपणा वरच्याला मिळतो आणि त्याची किंमत खालचा मोजतो. तरीही मिळकतकर स्वतःच्या हाती असल्यामुळे पिंपरी-चिंचवड महापालिकेला हरित मानांकन मिळविणाऱ्या इमारतींना त्या करात सवलत देता आली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तेलंगणाने निराळा मार्ग धरला. हैदराबादेत बांधकाम-परवानगीच्या संगणकीय पद्धतीलाच संहितेची तपासणी जोडून दिली आणि तांत्रिक पडताळणीसाठी बाहेरचे मान्यताप्राप्त परीक्षक नेमले. अपुऱ्या मनुष्यबळाच्या नगरपालिकेला हाच मार्ग व्यवहार्य आहे, असे मला वाटते. मात्र परीक्षकाची फी ज्याच्या इमारतीची परीक्षा व्हायची त्यानेच द्यायची, या व्यवस्थेत एक अवघड शंका दडलेली आहे.

हा तंटा केवळ आपला नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २००९ साली मूळ संहितेच्या जोडीला एक अधिक कडक संहिता सिद्ध केली आणि ती घ्यावी की न घ्यावी याचा निर्णय नगरांवर सोपविला. तेथील ३५१ नगरांपैकी बहुसंख्यांनी ती पुढे आपखुशीने स्वीकारली. परंतु त्याच राज्यातील ब्रुकलाइन नगराच्या सभेने २०१९ साली नव्या इमारतींत तेल-वायूच्या जोडण्यांना मनाई करणारा ठराव केला, तेव्हा तो राज्याच्या कायद्याशी विसंगत आहे असे सांगून महान्यायवादींनी २०२० साली नामंजूर केला. म्हणजे राज्याने आखून दिलेल्या पायरीवर चढण्यास नगर मोकळे, पण स्वतःची पायरी बांधण्यास मोकळे नाही! आणि २०२२ साली विधिमंडळाने दहा नगरांना प्रयोगादाखल अशी मनाई करण्याची परवानगी दिली, ती त्या नामंजूर ठरावाने उठविलेल्या चर्चेनंतरच. उलट, उत्तर कॅरोलायनाच्या विधिमंडळाने २०२३ साली राज्यपालांचा नकाराधिकार डावलून घरांच्या संहितेतील सुधारणाच २०३१ पर्यंत स्थगित केल्या. वरची सत्ता किमान मर्यादा घालण्याऐवजी कमाल मर्यादा घालू लागली म्हणजे काय होते, याचा तो दाखला.

वरच्याने किमान ठरवावे आणि खालच्याला त्याहून कडक होण्याची मोकळीक द्यावी, ही विभागणी मला सर्वांत न्याय्य वाटते. विकासकांची तक्रार असते की गावागणिक नियम बदलले तर एकाच नमुन्याची घरे बांधून खर्च वाचविता येत नाही, आणि ती तक्रार अगदीच पोकळ नाही, म्हणूनच कडक नियमांचे एक-दोन ठरीव नमुने राज्यानेच तयार करून द्यावेत. आपल्याकडे २०२२ च्या दुरुस्तीने ऊर्जा संवर्धनाच्या संहितेला शाश्वत इमारतींच्या व्यापक संहितेचे रूप दिले, मोठ्या निवासी इमारतींनाही तिच्या कक्षेत आणले आणि विद्युतभाराची मर्यादा आणखी खाली आणण्याचा अधिकार राज्यांना दिला. ती मर्यादा खाली आली की आजवर महानगरांपुरते असलेले हे प्रकरण लहान शहरांच्या कचेऱ्यांत पोहोचेल, जिथे रस्ते, गटारे आणि पाणीपुरवठा पाहणारा अभियंताच बहुधा नकाशेही तपासतो. त्याच्या मेजावर उष्णता-संक्रमणाचे तक्ते पडतील तेव्हा ते वाचण्याचे शिक्षण आणि त्यासाठी लागणारे जादा मनुष्यबळ कोणाच्या तिजोरीतून यावयाचे, हे राज्याने मर्यादा बदलण्याच्या अधिसूचनेतच लिहून द्यावे.