खाल्लेलं लिहून ठेवा!

वजन उतरवायचंय? आधी एक साधी वही घ्या. २००८ साली अमेरिकेत सुमारे १,७०० जणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोज खाण्याची नोंद ठेवणाऱ्यांचं वजन, न ठेवणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट घटलं होतं.

गंमत अशी, की जेवण लक्षात राहतं. येता-जाता तोंडात टाकलेलं नाही. डब्यातला मूठभर चिवडा, मुलांच्या ताटात उरलेली अर्धी पोळी, ऑफिसातला तिसरा चहा. आणि तेल! एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. म्हणून नुसतं 'भाजी एक वाटी' नको, फोडणीही लिहा. तेसुद्धा खाल्ल्या खाल्ल्या. रात्री आठवून लिहिलेली वही हमखास थापा मारते. (ॲपही चालेल, मला वहीच बरी वाटते.) मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नका, आणि वही त्यांनाही दाखवा.